दोन कडव्यांमधली जागा

१

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यामुळे सगळी गल्ली तिला हॅलोताई म्हणायची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, एक्स्चेंजच्या इमारतीत आता बँक आली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. भाजीवालीसुद्धा कोपऱ्यावरून "हॅलोताई, मटार आलेत!" म्हणून ओरडायची, आणि ताई खिडकीतून हात हलवायची.

त्या नोकरीने तिला एक गोष्ट मात्र दिली होती. कान. लाइन मेली आहे की पलीकडे कोणी नुसतंच गप्प उभं आहे, हे तिला हॅलो म्हणायच्या आधी कळायचं. "मेलेली लाइन कोरडी लागते," ती नव्या मुलींना सांगायची, "आणि गप्प लाइनीला ओल असते." मुली एकमेकींकडे बघून हसायच्या. महिनाभर कानाला हेडफोन लावून बसल्या, की हसायच्या थांबायच्या.

घरात ती आणि नाना. नाना तिचे यजमान. आयुष्यभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, आणि ते खिळे गेले तसे तेही घरी बसले. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय पुष्कळसा सावरला, काठी घेऊन फिरू लागले. पण उजवा हात लाकडासारखा पडून राहिला, आणि बोलणं गेलं ते परत आलं नाही. समजायचं सगळं. फक्त ओठांपर्यंत आलेला शब्द तिथेच अडायचा, मान थरथरायची, कपाळावर घाम यायचा.

ते बघवायचं नाही म्हणून ताईने एक सवय लावून घेतली होती.

"अहो, चहा ठेवू ना? हो, ठेवते. साखर कमीच घालते. पेपर वाचून दाखवू? नको? बरं, दुपारी वाचू."

प्रश्न तिचे, उत्तरंही तिचीच. नाना डाव्या हाताने कप उचलायचे आणि तिच्याकडे बघत राहायचे. त्या बघण्यात राग असतो की कंटाळा, हे तिने कधी तपासलं नाही. दिवस पार पडत होता, तेवढं तिला पुरे होतं.

२

वाचनालयातून तिने एक जुना कवितासंग्रह आणला होता. पहिली आवृत्ती, पानं पिवळी पडलेली, पुठ्ठ्याला खळीचा वास. त्यात ती कविता होती. 'दार होते लोटलेले.' ती कोणाला येत नाही? शाळेत सगळ्यांनी चालीवर म्हटलेली, निरोपसमारंभात हमखास कोणीतरी म्हणून दाखवणारच. दमलेल्या माणसाच्या दारात संध्याकाळ पाहुणी म्हणून येते, असा तिचा अर्थ बाईंनी फळ्यावर लिहून दिलेला असतो, आणि आपण तो आयुष्यभर खरा मानतो.

ताई नानांना वाचून दाखवत होती.

दार होते लोटलेले, कडी नव्हती घातली;
येऊ का रे आत थोडे? सावली ही लांबली.

पुढे एक ओळ कोरी होती. मग दुसरं कडवं.

बसू का रे कोपऱ्याशी? पाय आले भरुनी;
तुझे काम चालू राहो, पाहीन मी दुरुनी.

यापुढे तीन ओळींची जागा मोकळी होती. तिसऱ्या कडव्यापुढे दोन ओळींची. आणि चौथ्या, शेवटच्या कडव्यानंतर उरलेलं अख्खं पान कोरं. बाकीच्या कविता एकीला एक लागून, कागद वाचवत छापलेल्या. ही एकटीच अशी ऐसपैस.

"छापखान्याचा घोळ दिसतोय," ताई म्हणाली. "शाळेच्या पुस्तकात नीट होती."

नानांनी जोरात मान हलवली. डाव्या हाताने पुस्तक ओढून घेतलं, अंगठ्याने त्या कोऱ्या जागा चाचपल्या, आणि मग बोटं वर केली. एक. तीन. दोन. मग पंजा पूर्ण उघडून पानाच्या तळापर्यंत नेला.

ताईला उमगलं. जुळाऱ्याच्या हाताने अशी वेडीवाकडी जागा चुकून सुटत नाही. प्रत्येक कोऱ्या ओळीला शिशाची पट्टी कापून बसवावी लागते. कोणीतरी मुद्दाम तसं लिहून दिलं होतं, आणि कोणीतरी ते मुद्दाम पाळलं होतं.

रात्री ती अंथरुणात पडली तेव्हा एक्स्चेंजमधलं एक दृश्य डोळ्यांपुढे आलं. शेजारची मुलगी फोनवर बोलतेय, आपल्याला तिची एकच बाजू ऐकू येते. ती बोलते, थांबते. बोलते, जास्त थांबते. ते थांबणं म्हणजे पलीकडच्याचं बोलणं. हे तसंच होतं. पाहुणा विचारतोय आणि उत्तरासाठी थांबतोय. उत्तर लहान असेल तर एक ओळ, मोठं असेल तर तीन.

आणि ती उत्तरं कवीने लिहिली का नाहीत? कारण घरातल्या त्या माणसाला बोलता येत नसेल. तरी पाहुणा घाई करत नाही. जितका वेळ लागेल तितका थांबतो.

ताई उठून बसली. शेजारी नाना झोपले होते. दोन वर्षांत आपण त्यांच्यासाठी एक ओळभर तरी थांबलो का, असं मनात आलं, आणि तिला आपलीच लाज वाटली.

हे सगळं तिने पुस्तक परत करताना ग्रंथपाल बाईंना सांगितलं. ग्रंथपाल म्हणजे गोड बोलून माणसाला कामाला जुंपणारी बाई. तिने शिक्का हातात तसाच धरून ऐकलं आणि म्हणाली, "पहिल्या रविवारच्या व्याख्यानाला आमचे वक्ते येत नाहीयेत. तुम्हीच बोला."

"मी? अहो, मी आयुष्यभर 'तीन मिनिटं झाली, वाढवू का' एवढंच बोलले."

"तेवढंच बोला. पण या कवितेवर बोला."

३

सराव ती सकाळी अकराला करायची, व्याख्यानाच्याच वेळेला. बैठकीची खोली लहान. भिंतीला लागून नानांची हातांची खुर्ची, समोर ताईचं स्टूल, दाराजवळ चपलांची मांडणी आणि तिच्या शेजारी कोपऱ्यात एक बसकं बाकडं. घराचं दार सकाळी लोटलेलंच असायचं.

तिने ठरवलं होतं की कविता मोकळ्या जागांसकट वाचायची. एक ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढी एक कोरी ओळ. मनात मोजायचं आणि थांबायचं.

पहिलं कडवं म्हणून ती थांबली. टेबलफॅन घरघरत होता. खाली कोणीतरी सायकल स्टँडवर लावली.

नानांचे ओठ हलले.

एरवी हलायचे तसे धडपडत नव्हते. सरळ हलले, जणू एखादं साधं वाक्य बोलले, आणि मिटले. आवाज मात्र आला नाही. ताईने घाईघाईने दुसरं कडवं म्हटलं आणि पुन्हा थांबली. तीन ओळींची जागा. नानांचे ओठ पुन्हा हलले, यावेळी बराच वेळ, मध्ये श्वास घेऊन. कपाळावर घामाचा टिपूस नाही. तिसरी ओळ मनात संपली आणि त्यांचे ओठ नेमके त्याच क्षणी थांबले.

"अहो!" ताई ओरडलीच. "अहो, तुम्ही बोलताय!"

ती आनंदाने उठली, त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, पाठ असलेल्या कवितांनी फरक पडतो. गाणी म्हणा, अंक म्हणा. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती हसत होती, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की नाना तिच्याकडे बघत नाहीयेत.

ते तिच्या खांद्यावरून मागे, कोपऱ्यातल्या बाकड्याकडे बघत होते. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे. मग त्यांनी हलकेच मान डोलावली.

ताईने वळून पाहिलं. बाकड्यावर कालचा पेपर पडला होता. बस.

डोळ्यांचा पल्ला कमी झालाय, ती मनाशी म्हणाली. झटक्यानंतर होतं असं. एका बाजूचं नीट दिसत नाही म्हणतात.

४

तिसऱ्या दिवशी तिने सराव फोनवर रेकॉर्ड केला आणि लेकीला पाठवला. लेक दूरच्या शहरात, नोकरी आणि दोन मुलं सांभाळत. तासाभरात तिचा फोन.

"आई! बाबा बोलले!"

"ओठ हलवतात गं. आवाज नाही येत अजून."

"नाही कसा? मी दोनदा ऐकलं. तू 'पाहीन मी दुरुनी' म्हणतेस, आणि मग मागे कोणीतरी हुंकार देतंय. मध्येमध्ये. आपण कोणाचं ऐकताना 'हं, हं' करतो ना, तसं."

ताई म्हणाली, "म्हणजे ते ऐकतायत."

"हो ना! तू चालू ठेव. आणि त्यांना व्याख्यानाला ने हं, पुढच्या रांगेत बसव." लेकीचा आवाज भरून आला होता. "आई, किती दिवसांनी काहीतरी चांगलं होतंय आपल्याकडे."

फोन ठेवल्यावर ताईने ते रेकॉर्डिंग स्वतः ऐकलं. एकदा, मग जुना हेडफोन शोधून कानांवर घट्ट दाबून पुन्हा एकदा. हुंकार होता. अगदी अस्पष्ट, पण होता. बोलणारे नाना असतील तर ऐकणाऱ्याचा हुंकार कोणाचा, हा प्रश्न तिच्या मनात डोकावला. तिने तो बाजूला सारला. ओठ हलवताना घशातून आवाज निघत असेल.

तिला अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी.

टेबलफॅनची घरघर सुरुवातीपासून सारखी चालू होती. पहिल्या मोकळ्या जागेत ती तशीच होती. पण दुसरी, तीन ओळींची जागा आली, की घरघर एकदम दबायची. बंद पडायची नाही, दबायची. आणि तिसरं कडवं सुरू झालं की पुन्हा मोकळी.

हा आवाज ताईला चांगला ठाऊक होता. फोनवर बोलता बोलता माणूस रिसिव्हरवर हात ठेवतो, किंवा त्यावर वाकतो, तेव्हा मागचा सगळा आवाज असाच दबतो. फोन बाकड्यावर ठेवला होता. बाकड्यापासून ती पाच हात लांब होती, नाना त्याहून लांब.

तिने हेडफोन काढला. आणि त्या दबलेल्या जागेची लाइन कोरडी नव्हती, हे तिला पक्कं माहीत होतं. सांगणार कोणाला? लेक आनंदात होती.

५

शेवटचं कडवं तिने सरावात एकदाही म्हटलं नव्हतं. मुद्दाम टाळलं असं नाही. कधी दाराची बेल वाजली, कधी नानांच्या गोळीची वेळ झाली. शनिवारी मात्र ती ठरवून बसली. तिसरं कडवं म्हटलं:

दिवा राहू दे रे तसा, मला दिसे अंधारी;
तुझ्या घरी कोणी नाही? मीच आहे शेजारी.

दोन ओळींची जागा. नानांचे ओठ हलले, थांबले. ताईने चौथ्या कडव्यासाठी श्वास घेतला आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. ती धावली. गॅस बंद केला, फडक्याने ओटा पुसला, पातेलं सिंकमध्ये ठेवलं. तीन-चार मिनिटं गेली असतील.

परत आली तेव्हा नाना तसेच बसले होते. फक्त उजवा हात, तो मेलेला हात, मांडीवरून उचलून खुर्चीच्या हातावर आला होता. तळवा वर, बोटं किंचित पुढे केलेली.

"कोणी ठेवला हो हा इथे? तुम्हीच ठेवलात ना डाव्या हाताने? हो, तुम्हीच." नेहमीप्रमाणे तिने उत्तर देऊन टाकलं. हात उचलून मांडीवर ठेवला. हात गार असायचा, आज ऊबदार होता.

मग ती चौथं कडवं पुन्हा नुसतं डोळ्यांनी वाचत राहिली. निरोपसमारंभात शंभरदा ऐकलेलं. आज पहिल्यांदाच ते तिला कोणीतरी कोणाला तरी उद्देशून बोललेलं वाटलं.

तिने ठरवलं की नानांना व्याख्यानाला न्यायचं नाही. शेजारणीला बसायला सांगायचं. रविवारी सकाळी ती तयार होऊन बैठकीत आली तर नाना खुर्चीत नव्हते. दाराशी उभे होते. एका हाताने, भिंतीला टेकून, त्यांनी दोन्ही बूट घातले होते. शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण तेवढं लावायचं राहिलं होतं. ते लावून दे, म्हणून त्यांनी तो हात डाव्या हाताने उचलून तिच्यापुढे धरला.

दोन वर्षांत त्यांनी काही मागितलं नव्हतं. नाही कसं म्हणणार? तिने बटण लावलं.

६

वाचनालयाचं सभागृह वरच्या मजल्यावर होतं. लाकडी घडीच्या खुर्च्या, काठीला टांगलेली वर्तमानपत्रं, उंच खिडक्यांतून येणारं स्वच्छ ऊन. दीडशे माणसं असतील.

पहिल्या रांगेत डाव्या टोकाला ग्रंथपाल बाई, मग एक रिकामी खुर्ची, मग नाना. पलीकडे अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक, मांडीवर टिपणांचा गठ्ठा. त्यांनी प्रास्ताविकात कौतुकाच्या सुरात थोडे चिमटे काढले. "या कवितेतला पाहुणा स्त्री आहे की पुरुष, हे कवीने कौशल्याने झाकलं आहे. त्यावर आम्ही चाळीस वर्षं भांडतोय. आज टेलिफोन खातं त्यावर प्रकाश टाकणार आहे." सभागृह हसलं. ताईही हसली, आणि त्या हसण्याने तिची भीड थोडी चेपली.

ती बोलली, आणि चांगलं बोलली. पुस्तकाचं पान दाखवलं, शिशाच्या पट्ट्यांबद्दल सांगितलं, एक-तीन-दोन सांगितलं. "आपण ही कविता गाणं म्हणून पाठ केली," ती म्हणाली, "त्यामुळे आपण हिच्यात कधी थांबलोच नाही. पाहुण्याने विचारलं आणि आपण पुढच्या कडव्यावर उडी मारली. समोरच्याचं उत्तर आपल्याला नकोच होतं. मी घरात दोन वर्षं हेच करतेय." तिने नानांकडे पाहिलं. "ज्याला बोलता येत नाही, त्याच्यासाठीही कोणीतरी थांबतंय, अशी ही कविता आहे. आता मी ती थांबत थांबत वाचते. तुम्हीही थांबा. खोकू नका, टाळ्या नकोत. कोणीतरी बोलतंय असं समजा."

पहिलं कडवं. एक ओळ शांतता. कोणाची तरी खुर्ची कुरकुरली.

दुसरं कडवं. *बसू का रे कोपऱ्याशी? पाय आले भरुनी.* ताई थांबली आणि मनात मोजू लागली.

नानांचे ओठ हलत होते. प्राध्यापक मान खाली घालून टिपणं चाळत होते. चाळता चाळता, वर न बघता, त्यांनी दोन्ही गुडघे एका बाजूला वळवून घेतले. नाटकाला उशिरा आलेलं माणूस रांगेतून आत जाताना आपण वाट देतो, तसे. क्षणभर थांबून गुडघे पुन्हा सरळ केले. मग पलीकडच्या टोकाला ग्रंथपाल बाईंनी, नजर मंचावरच ठेवून, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.

ताईची मोजणी चुकली.

पाय अवघडला असेल त्यांचा, ती मनाशी म्हणत होती. पर्समधून रुमाल हवा असेल तिला. पण ग्रंथपालने पर्स उघडली नाही. आणि सभागृहाची ती शांतता, दीडशे माणसांची, कानाला ओली लागत होती. एक्स्चेंजमध्ये मुलींना सांगायची ती ओल.

तिसरं कडवं तिने कसंबसं म्हटलं. *मीच आहे शेजारी.* नानांनी रिकाम्या खुर्चीकडे मान वळवली, ओठ हलवले, आणि हसले. दोन वर्षांत ते हसलेलं तिने पाहिलं नव्हतं.

ताईने कागदाची घडी घातली.

"मी इथेच थांबते," ती माइकमध्ये म्हणाली. आवाज चिरकला. "चौथं कडवं सगळ्यांना ठाऊक आहे."

सभागृहात सहानुभूतीची कुजबुज झाली. बिचारी विसरली. होतं असं, पहिल्यांदाच बोलतेय. मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला सावरून घ्यायला म्हणून हळूच सुरुवात करून दिली, "थकलास रे, ऊठ आता…"

"नको," ताई म्हणाली. पण माइक तिने बाजूला सारला होता.

शेजारच्याने साथ दिली. मग अख्ख्या रांगेने. शाळेत शिकलेली चाल, सगळ्यांच्या अंगात मुरलेली. दीडशे माणसं तिच्याकडे प्रेमाने, धीर देत बघत होती आणि म्हणत होती:

थकलास रे, ऊठ आता, हात माझा घे जरा;
दार राहो लोटलेले, वारा येऊ दे घरा.

आणि मग सगळे थांबले. तिनेच शिकवलं होतं तसे. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी खोकलं नाही. ती जागा आली होती, पानाच्या तळापर्यंतची.

नानांचा उजवा हात मांडीवरून वर उठला. सावकाश, तळवा वर. बोटं मिटली, पण मुठीसारखी मिटली नाहीत. मध्ये दुसऱ्या हाताएवढी जागा राहिली. सकाळी तिने बटण लावलेल्या बाहीवर, मनगटापाशी, चार बोटांची चुणी पडत गेली. नानांचं कंबरेपासूनचं अंग खुर्चीतून सुटू लागलं.

ताई मंचावरून उतरली की पडली, तिलाही सांगता आलं नसतं.

"नाही!" ती ओरडली. "ते नाही म्हणतायत! त्यांना यायचं नाहीये!"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. नेहमीचंच बघणं. चहा ठेवते, साखर कमी घालते, तेव्हाचं. आणि आज तिला ते नीट वाचता आलं. त्यात राग नव्हता. *मला बोलू दे*, एवढंच होतं.

ताईने तोंड मिटलं. त्यांच्या पायांशी, फरशीवर बसली. रिकाम्या खुर्चीकडे बघायचं धाडस तिला झालं नाही. तिच्या जिभेवर 'नाही' होतं, 'थांबा' होतं, 'मी काय करू मग' होतं. सगळं गिळून ती थांबली. एक ओळ. दोन. तीन. त्यांची मान थरथरली, कपाळावर घाम आला. ती थांबली. पाच. सहा.

"ब…" नाना म्हणाले. "बसू… दे."

आवाज गंजलेल्या कडीसारखा होता.

"बसू दे… तिला. दमलीय… ती."

त्यांचं अंग पुन्हा खुर्चीत टेकलं. हात हळूहळू खाली आला, कोणीतरी जपून ठेवावा तसा मांडीवर टेकला, आणि बाहीवरची चुणी सैल झाली.

मग सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. लोक उभे राहिले. ग्रंथपाल बाई रडत होत्या. प्राध्यापक चष्मा पुसत म्हणत होते, "ती म्हणाले! ऐकलंत? ती!" श्रोत्यांमधले एक डॉक्टर गर्दीतून वाट काढत आले, नाडी बघितली, भावनेच्या भरात अशी वाचा येते कधीकधी म्हणाले. ताई सगळ्यांना हो म्हणत होती. तिने नानांचा डावा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

७

ग्रंथपालने टॅक्सी बोलावून दिली. दुपारचा एक वाजला होता, रस्त्यावर टळटळीत ऊन. टॅक्सीवाला पोक्त माणूस होता. त्याने काठी घेतली, नानांना खांद्याचा आधार देत मागच्या सीटवर बसवलं, पाय उचलून आत ठेवले. ताई दुसऱ्या बाजूने आत शिरली आणि नानांना चिकटून बसली. तिला बोलायचं होतं, खूप विचारायचं होतं. किती दिवस बसणार ती? तुम्हाला भीती वाटते का? पण तिने काही विचारलं नाही. ते सांगतील. त्यांना वेळ लागेल, तेवढा लागू दे.

तिच्या बाजूचं दार अजून उघडंच होतं. ते लावायला म्हणून टॅक्सीवाला वळसा घालून आला, दाराला हात घातला, आणि तसाच उभा राहिला. ताई कधीच आत येऊन बसली होती. तरी तो दार धरून, अदबीने किंचित मागे सरून उभा होता, फुटपाथकडे बघत. तोंडावर कंटाळा नाही, घाई नाही.

"झाले ना सगळे?" त्याने विचारलं.

उत्तर ताईच्या ओठांवर होतं. ती नानांकडे वळली आणि थांबली.

नानांनी श्वास घेतला. टॅक्सीवाला वाट बघत होता.

"एक… मिनिट," नाना म्हणाले.

ताईने दाराबाहेरच्या उन्हाकडे एकदा पाहिलं. मग कपडे आवरून घेतले, नानांच्या आणखी जवळ सरकली, आणि आपल्या शेजारी जागा करून दिली.